आधी पेटी, मग प्राणी

सोलापुरातल्या घरात सरपटणारा प्राणी पहिल्यांदा येतो तो बहुतेक वेळा कासवाच्या रूपाने. हिरवी पाठ, डोळ्यामागे लाल पट्टा, लांबी जेमतेम दीड इंच. रंगीत माशांच्या दुकानात ते एका उथळ प्लॅस्टिकच्या भांड्यात मिळतं. भांड्याच्या मधोमध छोटंसं बेट आणि बेटावर प्लॅस्टिकचंच नारळाचं झाड. देवळात गाभाऱ्यासमोर कासव असतं, म्हणून घरात आलं तर आजीचीही हरकत नसते. मुलांच्या हट्टासाठी कुत्रा नको, मांजर नको, त्यापेक्षा हे बरं, टेबलावर मावतं, आवाज नाही, केस नाहीत, असा हिशेब होतो आणि भांड्यासकट कासव घरी येतं.

हे कासव मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. नीट खायला मिळालं तर मादीची पाठ दहा-अकरा इंचांपर्यंत वाढते आणि ती वीस-तीस वर्षं जगते. पाळणाऱ्यांचा साधा ठोकताळा आहे: पाठीच्या दर इंचामागे चाळीस लिटर पाणी. म्हणजे पूर्ण वाढलेल्या मादीला चारशे लिटर. ते पाणी गाळणाऱ्या यंत्रातून सतत फिरवायचं आणि त्यातला काही भाग दर आठवड्याला बदलायचा. ज्या शहरात उजनीचं पाणी काही दिवसांआड नळाला येतं, जिथे पाण्याचा दिवस बघून घरातली कामं लावली जातात, तिथे हा हिशेब कागदावर मांडला तरी पुढचं कळतं. टेबलावरच्या भांड्यात त्या प्राण्याला वाव नाही, आणि बादलीत तर नाहीच.

मग जे होतं ते फार हळू होतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. भात, चुरमुरे आणि पुडीतले वाळलेले दाणे एवढ्यावर राहिलेल्या कासवाला अ जीवनसत्त्व मिळत नाही. पापण्या सुजतात, डोळे मिटतात. कासव अन्न बघून खातं; डोळे मिटले की खाणं थांबतं. ऊन मिळालं नाही तर कवच मऊ पडतं, अंगठ्याने दाबलं तर दबतं. घरातली माणसं म्हणतात, हल्ली ते शांत झालंय. जे यातून तगतं ते मोठं होतं, पाण्याला वास येऊ लागतो आणि एके दिवशी कुणीतरी तलावाचं नाव काढतं: सिद्धेश्वर, कंबर तलाव, हिप्परगा. सोडणाऱ्याच्या मनात दयाच असते. पण जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत हे कासव आहे. ते आपल्या तळ्यांतल्या मऊ पाठीच्या देशी कासवांचं अन्न आणि उन्हाला बसायच्या जागा बळकावतं. केरळात त्रिशूरजवळ २०१८ साली ते मोकळ्या पाण्यात सापडल्यावर तिथल्या वनसंशोधन संस्थेला लोकांकडची अशी कासवं गोळा करण्याची मोहीम हाती घ्यावी लागली.

ही पुस्तिका लिहायला घेतली ती या कासवांमुळे. यात चूक विकत घेणाऱ्याच्या स्वभावाची नाही, क्रमाची आहे. आपण आधी प्राणी घेतो आणि मग त्याला ठेवायला काहीतरी शोधतो. या पुस्तिकेत क्रम उलटा आहे. आपल्या घरात खरोखर किती जागा निघते, ती जागा मे महिन्यात किती तापते, तिथे पाणी किती पोचतं, हे आधी मोजायचं. त्यातून एक पेटी ठरेल. त्या पेटीत जो प्राणी म्हातारा होईपर्यंत सुखाने राहील, तो आपला. असा कुणीच नसेल, तर तेही उत्तर म्हणून स्वीकारायचं.

सोलापुरातली घरं लहान आहेत, हे गृहीत धरूनच लिहिलं आहे. गिरण्यांच्या काळातल्या चाळी, पूर्व भागातली एका खोलीत माग आणि दुसऱ्या खोलीत संसार असलेली घरं, नव्या वसाहतींतले दोन खोल्यांचे फ्लॅट. अशा घरात तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच पेटी ठेवता येते. कपाटाच्या खालच्या कप्प्यात किंवा शिलाई मशीनच्या शेजारी. यापेक्षा मोठ्या पेटीसाठी घराची मांडणीच बदलावी लागते. म्हणून ही पेटी मी प्रमाण मानली आहे आणि दुकानात दिसणारे प्राणी एकेक करून तिच्यात बसवून पाहिले आहेत.

बरेच लगेच बाद होतात. हिरवा इग्वाना दुकानात वीतभर असतो, वाढल्यावर शेपटीसकट पाच फूट. त्याला खोली लागते. ऑस्ट्रेलियाचा दाढीवाला ड्रॅगन स्वभावाने फार गोड, माणसाच्या खांद्यावर बसून राहणारा, पण तो दीड-दोन फूट वाढतो आणि त्याला चार फूट लांब, दोन फूट रुंद जागा लागते, वर अतिनील किरणांचा दिवा. बॉल पायथन नावाचा आफ्रिकेचा अजगर तीन ते पाच फुटांचा होतो आणि तीस वर्षं जगू शकतो. आज दहावीत असलेल्या मुलाने तो घेतला तर त्याचं शिक्षण, नोकरी, लग्न, पुण्याला जाणं, हे सगळं त्या सापासकट व्हायला हवं.

क्रेस्टेड गेको या पालीपाशी मात्र थांबावं लागतं, कारण मापात ती बसते. न्यू कॅलेडोनिया बेटांवरची ही झाडपाल नामशेष झाली असं मानलं जात होतं. १९९४ साली ती पुन्हा सापडली आणि पुढच्या काही वर्षांत जगभरच्या घरांत पोचली. शेपूट सोडून चार-पाच इंच अंग, फळांच्या तयार भुकटीवर जगते, उभी छोटी पेटी पुरते. परदेशी पुस्तकं नवशिक्याला हीच सुचवतात. पण तिला बावीस ते सव्वीस अंश तापमान मानवतं. तिशीला ती त्रासायला लागते. सोलापुरात मार्चच्या पहिल्या आठवड्यातच दुपारी घरातलं तापमान तिशी ओलांडतं. वातानुकूलन यंत्र दिवसरात्र चालवणार असाल, वीज गेल्यावरची सोय असेल, तरच तिचा विचार करावा, आणि माझं मत विचाराल तर तेव्हाही करू नये. पेटीचं माप हा अर्धाच प्रश्न आहे. उरलेला अर्धा प्रश्न गावाच्या हवेचा आहे.

या विषयावरची जवळजवळ सगळी पुस्तकं थंड देशांत लिहिली गेली. त्यांतली निम्मी पानं पेटी गरम कशी ठेवायची यावर खर्च होतात: दिवे, चटया, तापनियंत्रक. आपल्याकडे नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत तेवढं वाचावं आणि पुस्तक मिटून ठेवावं. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळीस-बेचाळीसला सहज जातो, कधी त्याच्याही वर. पत्र्याच्या घरात दुपारी तीनला भिंतीला हात लावता येत नाही. काचेची बंद पेटी अशा खोलीत आणखी तापते, आणि खिडकीतून तिच्यावर थेट ऊन आलं तर तासाभरात आतला प्राणी मरतो. सरपटणाऱ्या प्राण्याला घाम येत नाही. तापलेल्या जागेतून निघून सावलीच्या बिळात शिरणं हा त्याचा मुख्य उपाय, आणि पेटीत आपण तोच काढून घेतलेला असतो.

म्हणून सोलापूरची पेटी वेगळी बनवायला हवी. काचेचं जुनं फिशटँक वापरण्याचा मोह टाळावा. तीन बाजू प्लायच्या, पुढे सरकती काच, झाकण आणि एक अरुंद बाजू बारीक जाळीची, म्हणजे हवा खेळते. पेटी तळमजल्यावर, आतल्या खोलीत, जमिनीलगत. तळाला वाळू नको, शहाबादी फरशी घालावी; ती या भागात मुबलक मिळते, पुसायला सोपी, उन्हाळ्यात खालून गारवा धरते आणि हिवाळ्यात खाली गरम चटई ठेवली तर ऊबही धरते. कुंभार वेशीत मिळणारं बिनझिलईचं मातीचं छोटं मडकं आडवं करून त्याची कड तासली की गुहा तयार होते. अशी दोन मडकी हवीत, एक कोरडं, एक ओल्या फडक्यात गुंडाळलेलं. ओल्या मडक्यातून पाणी पाझरत उडतं आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा काही अंशांनी उतरते. माठातलं पाणी ज्यामुळे गार होतं तेच इथे होतं, आणि वीज गेली तरी होत राहतं. एका पेटीत दोन तापमानमापक लावावेत, दोन टोकांना. एकच लावला तर आपल्याला सोयीचा आकडा दिसतो.

या मापाच्या आणि या हवेच्या पेटीत बसणारा प्राणी शोधताना माझ्यापुढे शेवटी एकच नाव उरलं: लेपर्ड गेको, अंगावर बिबट्यासारखे ठिपके असलेली जमिनीवरची पाल. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि लगतच्या कोरड्या, खडकाळ मुलखात ती राहते. तिथला उन्हाळा आपल्यापेक्षा कडक असतो, पण ती दिवसा दगडाखाली, बिळात पडून असते आणि रात्री बाहेर येते. शेपटीसकट आठ ते दहा इंच. पायांना आपल्या भिंतीवरच्या पालीसारख्या चिकटणाऱ्या गाद्या नसतात, त्यामुळे ती काच चढून जात नाही. पेटीच्या एका टोकाला फरशी बत्तीस अंशांच्या आसपास आणि दुसऱ्या टोकाला पंचवीस-सव्वीस अंश एवढं राखलं की ती स्वतःच हवी ती जागा निवडते. उन्हाळ्यात गरम टोकाचा प्रश्न नसतो, थंड टोकासाठी धडपड करावी लागते. कूलर असलेल्या खोलीत ते जमतं. तोही नसेल तर जमत नाही, आणि तसं मी पुढे एका प्रकरणात स्पष्ट लिहिलं आहे.

ती खाताना एकदा जवळून पाहावी. संध्याकाळी सातच्या सुमारास ती मडक्यातून डोकं काढते. बहुतेक पालींना नसतात तशा हिला हलणाऱ्या पापण्या असतात. ती त्या मिटते, उघडते, मग जिभेने नाक आणि ओठ चाटते. अळी दिसली की सगळं अंग थिजतं आणि फक्त शेपटीचं टोक डावीकडे-उजवीकडे वळवळायला लागतं, मांजराचं होतं तसं. मग एकच झडप. खाऊन झालं की पुन्हा जीभ फिरते. शेपटी अंगठ्याएवढी जाड असेल तर प्राणी ठणठणीत आहे, कारण चरबी तिथेच साठते. बारीक होऊ लागली तर काहीतरी बिनसलंय. ती रोज एकाच कोपऱ्यात शी करते, तेवढा कोपरा पुसला की झालं. कात टाकते तेव्हा जुनी कातडी तोंडाने ओढून खाऊन टाकते. त्या दिवसांत बोटांच्या टोकांकडे नीट पाहावं: सोलापूरच्या कोरड्या हवेत कातडीचं कडं बोटाला अडकून राहतं, रक्त अडतं आणि बोट गळून पडतं. ओलं मडकं असतं ते यासाठीही. जागा कितीही असली तरी दोन नर एकत्र ठेवू नयेत, ते एकमेकांना फाडतात. नवशिक्याने एकच पाळावी. तिला सोबतीची गरज नसते.

जिवंत किड्यांचा प्रश्न घरातल्या सगळ्यांसमोर आधीच ठेवायला हवा. ही पाल पोळी, भाजी, फळ काहीही खात नाही. मीलवर्म नावाच्या पिवळ्या अळ्या गव्हाच्या कोंड्यात वाढवता येतात. पसरट डबा, चार बोटं कोंडा, गाजराचा तुकडा ओलाव्यासाठी, झाकणाला भोकं. वास येत नाही. तरीही स्वयंपाकघराजवळ अळ्यांचा डबा चालणार नाही, असं घरातल्या कर्त्या बाईंनी म्हटलं तर त्यांचं म्हणणं मोडून प्राणी आणू नये. अळ्यांवर कॅल्शियमची आणि ड-३ जीवनसत्त्वाची भुकटी लावूनच त्या द्यायच्या. ते टाळलं की काही महिन्यांत हाडं मऊ पडतात, जबडा रबरासारखा वाकतो, पाय वाकडे होतात, आणि वाकलेलं हाड पुन्हा सरळ होत नाही. गावात गाई-म्हशींचे, कुत्र्यांचे डॉक्टर चांगले आहेत, पण सरपटणाऱ्या प्राण्यांवर हात बसलेला डॉक्टर गाठायला बहुधा पुण्याचा रस्ता धरावा लागतो. हात धुण्याबद्दलही बजावून सांगतो. या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. लहान मुलांना त्याची लागण होते म्हणून अमेरिकेने १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कासवं विकायलाच बंदी घातली. पाच वर्षांखालचं मूल घरात असेल तर थांबावं. पेटीतली भांडी स्वयंपाकाच्या सिंकमध्ये धुऊ नयेत.

आता कायद्याकडे येतो, आणि इथे मला जराही सैल बोलायचं नाही. आपल्या रानातला, माळावरचा, तळ्यातला कोणताही साप, सरडा, पाल किंवा कासव पकडून घरात ठेवायचं नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा २०२२ साली सुधारला गेला आणि ती सुधारणा १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं तारा-कासव आता पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१९ मध्येच सर्वांत कडक निर्बंध आले. शुभ म्हणून ते चोरून विकलं जातं, आणि घेणारे चांगल्या घरातले, शिकलेले लोक असतात. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी शिक्षा किमान तीन वर्षं, कमाल सात वर्षं तुरुंगवास आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. मांडुळाची गोष्ट तर आपल्या जिल्ह्यांत नवी नाही. गुप्तधन सापडतं, वजनावर लाखो रुपये मिळतात, अशा थापांवर हा निरुपद्रवी साप पोत्यात कोंबून गावोगाव फिरवला जातो. घोरपडीच्या तेलाच्या आणि कातडीच्या मागणीमागेही असंच अज्ञान आहे. लेपर्ड गेकोची एक सख्खी बहीण आपल्या महाराष्ट्रात आणि गुजरातेत जंगली राहते. दिसायला सारखीच, म्हणून तिला धरून विकणाऱ्यांचं फावतं. पिढ्यान् पिढ्या पेटीत जन्मलेल्या पालींचे रंग वेगळे असतात, फिके पिवळे, नारिंगी, पांढुरके. जंगली ठिपक्यांची, बोटं तुटलेली, बुजरी पाल कुणी स्वस्तात देऊ केली तर हात लावू नका.

परदेशी प्राण्यांसाठी त्याच दुरुस्तीने चौथी अनुसूची आणली. वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेल्या जाती जवळ असतील तर त्यांची नोंदणी करावी लागते. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी ती ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर करायची ठरली. प्राणी मेला, पिल्लं झाली, दुसऱ्याला दिला, हेही कळवावं लागतं. इग्वाना आणि बॉल पायथन या यादीतले आहेत. कोणताही प्राणी घेण्याआधी विकणाऱ्याकडून पिल्लू कुठे जन्मलं याचा कागद मागा, जातीचं शास्त्रीय नाव त्यावर लिहून घ्या आणि तो कागद घेऊन वन विभागाच्या कार्यालयात जाऊन लेखी विचारा. जो दुकानदार कागदाचं नाव काढताच विषय बदलतो, त्याच्याकडून घेऊ नका.

इतकं वाचून कुणी म्हणेल की मग पाळूच नये. बऱ्याच जणांनी पाळू नये, असंच माझं मत आहे, आणि त्यांच्यासाठी पुस्तिकेतली दोन प्रकरणं मी सर्वांत मन लावून लिहिली आहेत. एक आहे भिंतीवरच्या पालीवर. ट्यूबलाइटच्या पट्टीमागे राहणारी, रात्री ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी येणारी, फोटोच्या चौकटीमागे दोन पांढरी कडक अंडी घालणारी. वहीत तिच्या वेळा लिहिल्या, कोणत्या पाकोळ्या खाते आणि कोणत्या सोडते हे टिपलं, तुटलेली शेपटी किती आठवड्यांत किती वाढली हे मोजलं, तर शाळेतल्या मुलाला पेटीतल्या पालीपेक्षा जास्त शिकायला मिळतं, आणि पेटी लागतच नाही. दुसरं आहे नान्नजच्या माळावर. १९७९ साली माळढोकासाठी राखलेला तो मुलूख शहरापासून वीसेक किलोमीटरवर आहे. उन्हाळ्यात, पाऊस पडण्याआधी, सकाळी तिथल्या दगडांवर पंखा-गळ्याचा सरडा चढून बसतो, मान ताठ करतो आणि गळ्याखालची घडी उघडतो. मातकट अंगाच्या, बोटभर प्राण्याने अचानक रंगीत पंखा पसरावा, मिटावा, पुन्हा पसरावा. रस्त्यावर थांबून, दुर्बिणीतून, त्याला हात न लावता हे पाहता येतं. साप पाहायचेत तर पुण्याचं कात्रज आहे. नीलिमकुमार खैरे यांनी १९८६ साली तिथे सर्पोद्यान उभं केलं. सापांची भीती काढण्यासाठी त्याआधी १९८० साली ते बहात्तर सापांबरोबर बहात्तर तास एका काचेच्या खोलीत राहिले होते. महाराष्ट्रात सर्पमित्रांच्या कितीतरी पिढ्या त्या कामातून घडल्या.

ज्यांना हे सगळं वाचूनही पेटी करायचीच आहे, त्यांच्यासाठी पुढची प्रकरणं आहेत, आणि त्यांना माझी एकच अट आहे. पेटी फेब्रुवारीत तयार करा. फरशी बसवा, मडकी मांडा, दोन्ही तापमानमापक लावा, अळ्यांचा डबाही सुरू करा. प्राणी आणू नका. मार्चपासून जूनपर्यंत रोज सकाळी सहा, दुपारी तीन आणि रात्री दहा वाजता दोन्ही टोकांचे आकडे वहीत लिहा. वीज गेली तर किती वेळ गेली तेही लिहा, गावाला गेलात तर ओलं फडकं कोण भिजवणार ते ठरवून बघा. थंड टोकाचा आकडा दुपारी तीनला बत्तीसच्या वर राहत असेल तर पेटीची जागा बदला आणि पुन्हा लिहायला लागा. पुस्तिकेच्या शेवटी त्यासाठी कोरे तक्ते छापले आहेत. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की ते तक्ते घेऊन तिसरं प्रकरण उघडा. कोणत्या आकड्यांवर पाल आणायची आणि कोणत्या आकड्यांवर पेटी विकून टाकायची, ते तिथे दिलं आहे.